मासाई ढाल: बनते कशी, वाचायची कशी

पूर्व आफ्रिकेतल्या मासाई समाजातल्या तरुणाच्या हातात ढाल आली, तरी तिच्यावर काय रंगवायचं हे त्याच्या मनावर नसायचं. तो कुठल्या शाखेतला आणि कुठल्या पिढीतला, यावरून नक्षी आधीच ठरलेली असायची. ‘सिराता एल लंगार्ब्वाली’ नावाची एक लाल खूण तर लढाईत खरंच शौर्य गाजवलेल्यालाच मिळायची, आणि तीही म्होरक्यांनी होकार दिल्यावर. म्हणजे कातड्याच्या त्या लांबट तुकड्यावर जे दिसतं ते सजावट म्हणून पाहिलं, तर निम्मी ढाल आपण पाहिलीच नाही. आणि नुसती नक्षी पाहून पुढे गेलो तर उरलेली निम्मी राहून जाते, कारण ती मागच्या बाजूला असते.

केनियाचा दक्षिण भाग आणि टांझानियाचा उत्तर भाग हा मासाईंचा मुलूख. १८८६ मध्ये इंग्रज आणि जर्मनांनी आपापसात करार करून तो मधोमध कापला, म्हणून एकच समाज आज दोन देशांत आहे. केनियाच्या २०१९ च्या जनगणनेत मासाई सुमारे १२ लाख भरले, पावणेपाच कोटींच्या देशात. हा मुळात गुरं पाळणारा समाज. गाय हीच दौलत, गायीवरूनच माणसाची पत ठरायची आणि गायींवरूनच भांडणं व्हायची. दुसऱ्यांची गुरं हाकून आणायची आणि आपली कुणी हाकून नेऊ नयेत म्हणून रात्रंदिवस सावध राहायचं, हे तरुणांचं काम होतं. ढाल या कामासाठी लागायची. लहान मुलं, बायका, म्हातारे यांच्याकडे ती नसायची.

ढाल कुणाच्या हातात?

इथे वयाची भानगड समजून घ्यावी लागते, नाहीतर नक्षी कळणार नाही. मासाईंचा वयोगट म्हणजे फॉर्मवरचा ‘१८ ते २५’ नव्हे. साधारण एकाच काळात सुंता झालेल्या मुलांची एक तुकडी बनते, तिला नाव मिळतं आणि ते नाव त्या सगळ्यांना मरेपर्यंत चिकटतं. साधारण १५ वर्षांनी नवी तुकडी उघडते. सुंता झाली की मुलगा ‘मोरान’ होतो, म्हणजे लढवय्या. काही वर्षं तो धाकटा मोरान असतो, मग ‘युनोटो’ नावाचा मोठा सोहळा होतो. त्यात आई मुलाचे लांब वाढवलेले, गेरूने लाल केलेले केस भादरते आणि तो थोरला मोरान होतो. पुढे लग्न, संसार, मग वडीलधाऱ्यांत बसणं.

प्रत्येक तुकडीवर वरच्या पिढीची देखरेख असते, पण लगेच वरच्या नव्हे. एक तुकडी सोडून त्याच्या वरची. लगेच वरच्यांशी चुरस असणार, हे त्यांनी ओळखलं होतं. तरुणांच्या हातात भाले द्यायचे आणि त्यांच्यावर नजर ठेवायला त्यांचा हेवा न करणारी माणसं नेमायची, ही रचना मला फार धूर्त वाटते.

दुसरी विभागणी मुलखाची. पुर्को, किसोंगो, लोइता, कापुतिएई, मातापातो अशा मासाईंच्या शाखा आहेत आणि प्रत्येकीची चराईची जमीन ठरलेली. या शाखा एकमेकींशीही लढल्या आहेत. १८७० च्या दशकात लाइकिपियाक नावाची एक बलाढ्य शाखा अशाच आपसांतल्या लढायांत जवळपास संपली. समोरासमोर उभ्या ठाकलेल्या दोन्ही फौजा एकच भाषा बोलणाऱ्या, सारख्याच पेहरावातल्या, सारखेच भाले घेतलेल्या. अशा धुमश्चक्रीत आपला कोण आणि परका कोण हे लांबूनच कळावं लागतं. मीटरभर उंचीच्या ढालीवर ठळक रंगात काढलेली खूण हे काम चोख करते.

कातडं कुणाचं आणि आणलं कुणी?

जुन्या चांगल्या ढाली रानरेड्याच्या कातड्याच्या असत. हा आफ्रिकेतला रानरेडा, आपला गवा नव्हे. सफारीवर गाइड ज्याला ‘बफेलो’ म्हणून दाखवतो तो. नराचं वजन ५०० ते ९०० किलो, आणि मानेवर-खांद्यावर कातडी सगळ्यात जाड. गायबैलांच्या कातड्याच्याही ढाली होत्या आणि पुढे त्याच जास्त झाल्या, पण मासाईंची गुरं आपल्या खिल्लारांसारखी वशिंडाची असली तरी चणीने बेताची, त्यांचं कातडं तेवढं दणकट नाही. शिवाय कातड्यासाठी बैल कापणं हे गुरांवर जीव लावणाऱ्या माणसाच्या गळी उतरणारं नव्हतं. समारंभात कापलेल्या जनावराचं कातडं मिळे, त्याची अंथरुणं व्हायची, पांघरुणं व्हायची.

मग रानरेडा मारायचा कुणी? मासाईंना शिकारीचं मांस खाणं कमीपणाचं वाटे. जंगलात राहून शिकार आणि मध गोळा करणाऱ्या ओकिएकसारख्या लोकांना ते ‘तोरोबो’ म्हणत. ज्यांच्याकडे गुरं नाहीत ते, म्हणजे त्यांच्या लेखी कंगाल. पण मध, हस्तिदंत आणि रानरेड्याचं कातडं याच लोकांकडून यायचं. भाला आणि तलवार घडवणारे लोहार, ‘कुनोनो’, हेही असेच बाजूला ठेवलेले. त्यांच्याशी सोयरीक नाही, आणि लोहाराने हाताळलेली वस्तू घ्यायची तर मासाई आधी आपल्या हाताला तेल लावत असे. आपल्याकडे चांभार-लोहारांना गावगाड्यात जी जागा दिली गेली ती आठवल्याशिवाय राहत नाही. लढवय्याची सगळी ऐट ज्या दोन वस्तूंवर उभी, ढाल आणि भाला, त्या दोन्हींसाठी तो अशा लोकांवर अवलंबून होता ज्यांच्या शेजारी तो बसायलाही तयार नव्हता.

कच्चं कातडं एवढं कठीण का होतं?

ढालीचं कातडं कमावलेलं नसतं, कच्चं असतं. सगळी खुबी इथे आहे.

कातडीचा गाभा म्हणजे कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू. ते कापडासारखे आडवे-उभे विणलेले नसतात, सगळ्या दिशांनी एकमेकांत गुंतलेले असतात. जिवंत जनावरात या तंतूंच्या मधे भरपूर पाणी असतं, त्यामुळे ते एकमेकांवरून घसरतात आणि कातडी लवचीक राहते. कातडं कमावताना आपण काय करतो, तर बाभळीच्या सालीतलं किंवा हिरड्यातलं टॅनिन त्या तंतूंमध्ये बसवतो. मग पाणी गेलं तरी तंतू एकमेकांना चिकटत नाहीत, चामडं मऊ राहतं आणि कुजत नाही. चपलेला, पट्ट्याला, पखालीला हेच हवं.

ढालीला नेमकं उलटं हवं. कातडं साफ करून, केस आणि आतली चरबी खरवडून, ताणून नुसतं वाळवलं की पाणी निघून जातं आणि तंतू एकमेकांना घट्ट धरतात. कातडं आक्रसतं, पिवळसर होतं आणि शिंगासारखं टणक बनतं. हलगी वाजवणारे वाजवण्याआधी ती जाळावर शेकतात, तेव्हा हेच घडतं: ओल जाते, कातडं ताठ होतं आणि आवाज चढतो. ढालीत हा ताण कायमचा बसवलेला असतो.

लाकडाच्या फळीपेक्षा हे सरस का? लाकडाला रेषा असते. त्या रेषेत भाल्याचं टोक घुसलं की फळी उभी चिरते. कातड्यात अशी एक दिशाच नसल्यामुळे चीर पुढे पळत नाही, टोक घुसलं तरी तिथल्या तिथे अडकतं. त्यात ढाल सपाट नसते, बाहेरच्या बाजूला फुगीर असते. त्यामुळे तिरका आलेला घाव बराचसा घसरून जातो. आणि लाकडी ढालीच्या मानाने ती हलकी. गुरांच्या मागे मैलोन् मैल धावणाऱ्या माणसाला हा हिशेब महत्त्वाचा.

दोष एकच, पण मोठा. कमावलेलं नसल्यामुळे पाणी लागलं की ते पुन्हा मऊ पडतं. भिजलेली ढाल आकार सोडते. म्हणून तिला कोरडं ठेवणं आलं.

पाठ पालथी करून बघा

ढालीचा आकार लांबट, मधे रुंद आणि वर-खाली निमुळता होत टोकाशी आलेला. उंची साधारण एक मीटर, कधी थोडी जास्त, आणि रुंदी त्याच्या निम्मी. समोरून पाहिलं तर काठाने एक जाडसर गोट दिसतो. तो शोभेचा नाही. कातडं कडेच्या लाकडी चौकटीवर ओढून घेतलेलं असतं आणि कातड्याच्या अरुंद वादीने सबंध काठ शिवलेला असतो. आरीने भोक पाडायचं, ओली वादी त्यातून ओवायची, काठावरून वळवून पुढच्या भोकात घालायची. एकेक टाका शेजारच्याला खेटून. वादी ओली असताना शिवण्यात शहाणपण आहे, कारण वाळताना ती आखडते आणि प्रत्येक टाका आपोआप आवळला जातो. खिळे नाहीत, डिंक नाही. कातडं स्वतःच स्वतःला आवळून धरतं.

मागच्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक लाकडी दांडा गेलेला असतो. हा ढालीचा कणा. तो अशाच वादीने कातड्याला जागोजाग बांधलेला. मधोमध, हात बसेल तिथे, दांडा आणि कातडं यांच्यात अंतर सोडलेलं असतं आणि बरोबर तिथेच कातडं पुढे फुगलेलं असतं. मूठ आत मावते आणि समोरून घाव बसला तरी बोटांची हाडं कातड्याला टेकलेली नसतात. ढाल डाव्या मुठीत एका जागी धरायची, त्यामुळे मनगट वळवलं की सबंध ढाल वळते. दंडाला बांधलेली ढाल अशी फिरवता येत नाही. वापरातल्या जुन्या ढालींचा हा मुठीचा भाग हाताच्या घामाने आणि तेलाने काळसर, गुळगुळीत झालेला असतो. समोरच्या नक्षीची नक्कल कुणीही करील, पण पाठीवरची ही झीज खोटी करणं अवघड. म्हणून जाणकार माणूस ढाल हातात आली की आधी उलटी करतो.

सिंहाच्या शिकारीतही ही ढाल लागायची. मोरान सिंहाला गोल करून घेरायचे. कोंडलेला सिंह कुणातरी एकावर झेप घेणार हे ठरलेलं. ज्याच्यावर झेप आली त्याने ढालीआड अंग चोरायचं आणि तेवढ्यात बाकीच्यांनी भाले मारायचे. पहिला भाला ज्याचा, त्याला आयाळ. त्या आयाळीचं शिरस्त्राण घालून तो मिरवत असे.

नक्षी कशी वाचायची

ढालीवरच्या खुणांना ‘सिराता’ म्हणतात. रंग मोजके: पांढरा, लाल, काळा किंवा राखाडी. पांढरा मातीचा, काळा कोळशाचा, लाल गेरूच्या मातीचा.

बहुतेक ढालींवर मधून एक उभा पट्टा जातो आणि ढालीचे दोन भाग करतो. काठाने रंगाची किनार धावते, तिच्यात छोट्या कमानी किंवा त्रिकोण. आणि मोठी खूण, अर्धगोल किंवा लंबगोल, मधल्या पट्ट्याला लागून किंवा त्याच्या एका बाजूला. दोन्ही बाजू सारख्या नसतात, आणि हे चुकून झालेलं नाही. शाखा कुठली, पिढी कुठली, घराणं कुठलं, हे या आकारांच्या जुळणीतून सांगितलं जातं. धाकट्या, अजून काही करून न दाखवलेल्या मोरानच्या ढालीवर लाल खूण नसायची. लाल म्हणजे कमाई.

१९०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ब्रिटिश अधिकारी ए. सी. हॉलिस आणि जर्मन अधिकारी मोरित्झ मेर्कर यांनी आपापल्या बाजूच्या मासाईंचे रीतिरिवाज टिपून ठेवले, त्यात ढालींवरच्या खुणाही आल्या. त्या काळच्या युरोपीय माणसाला हे चटकन कळलं, कारण त्यांच्या सरदार घराण्यांच्याही ढालींवर वंशाची चिन्हं असत. पण ही तुलना अर्धीच लागू पडते, आणि बरेच लेख ती सरसकट लावून मोकळे होतात. युरोपातलं चिन्ह बापाकडून मुलाकडे जायचं. मासाई तरुणाच्या खुणेतला मोठा भाग त्याच्याबरोबर सुंता झालेल्यांचा होता, बापाचा नव्हे. बापाची पिढी वेगळी, तिची खूण वेगळी. आणि शौर्याची लाल खूण तर ज्याची त्याने कमवायची. वारशाने ती मिळणारच नाही.

शेजाऱ्यांनीही ही ढाल उचलली. किलिमांजारोच्या उतारावरचे चागा, केनियातले किकुयू, यांनी मासाई धाटणीच्या ढाली आणि भाले वापरले. ज्यांची भीती वाटते त्यांची हत्यारं माणूस चटकन आपलीशी करतो. किकुयूंकडे मात्र ‘न्दोमे’ नावाची आणखी एक ढाल होती, हलक्या लाकडाची, कोरीव, सुंतेआधीच्या नाचात दंडावर घालायची. ती लढाईची नव्हतीच. संग्रहालयातल्या फोटोंत या दोघींची गल्लत फार होते. मागून दंड घालायची खोबण दिसली तर ती न्दोमे.

ढाली संपल्या कशा

बंदुका आल्या आणि ढाली गेल्या, असं सांगणं सोपं आहे. खोटंही नाही. पण त्याच्या आधी एक रोग आला आणि त्याचा धागा भारतापर्यंत येतो.

१८८७ मध्ये इटालियन सैन्याने तांबड्या समुद्राकाठच्या मस्सावा बंदरात रसदीसाठी गुरं उतरवली. ती भारतातून आली होती आणि त्यांच्याबरोबर बुळकांडी आफ्रिकेत शिरली, असं बहुतेक इतिहासकार मानतात. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हा रोग पिढ्यान् पिढ्या माहीत होता. पूर्व आफ्रिकेतल्या जनावरांना तो नवा होता. चार वर्षांत तो मासाईंच्या कुरणांत पोचला आणि गावंच्या गावं रिकामी झाली. बुळकांडी गायींपुरती थांबत नाही, रानरेडेही तिने तितकेच मारले. म्हणजे ज्याच्या रक्षणासाठी ढाल होती ते धन गेलं आणि ज्याच्या कातड्याची ढाल होती ते जनावरही गेलं. त्याआधी गुरांना फुप्फुसाचा रोग होऊन गेला होता, मागून देवी आली, मग १८९७ आणि १८९८ साली पाऊस पडला नाही. मासाई या काळाला ‘एमुताई’ म्हणतात. एका अंदाजानुसार दोन तृतीयांश मासाई त्यात मेले. त्या सुमाराला तिथून गेलेल्या ऑस्कर बाउमान या ऑस्ट्रियन प्रवाशाने उपासमारीने जेमतेम रांगू शकणारे लढवय्ये पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे.

याच मोडलेल्या समाजाशी इंग्रजांनी १९०४ आणि १९११ मध्ये करार केले आणि रिफ्ट खोऱ्यातली, लाइकिपियातली उत्तम कुरणं गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी काढून घेतली. मासाईंनी १९१३ मध्ये या विरोधात खटला भरला, पण तो फेटाळला गेला. गुरांवरचे छापे कायद्याने बंद झाले, ढालीला काम उरलं नाही. पुढे १९७७ मध्ये केनियाने शिकारीवरच बंदी घातली. रानरेड्याचं कातडं उघडपणे मिळण्याची शक्यता तिथे संपली. आज केनियात वन्यप्राण्याच्या कातड्याची वस्तू परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे.

ढालीचं चित्र मात्र उलट पसरलं. १२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला तेव्हा झेंड्याच्या मधोमध मासाई ढाल आणि दोन भाले आले. चाळीसहून अधिक जमातींच्या देशाने आपल्या रक्षणाची खूण म्हणून त्यांतल्या एका छोट्या समाजाची ढाल घेतली. त्या ढालीवर लाल आहे, काळा आहे, पांढरा आहे, पण कुठल्याही तुकडीची सिराता नाही. देशाच्या ढालीला तेच बरोबर.

ज्या रिवाजांमुळे नक्षीला अर्थ होता ते अजून संपलेले नाहीत, पण टेकीला आले आहेत. सुंतेआधीचा एन्किपाता, मोरानांचा युनोटो आणि पुढे वडीलधाऱ्यांत प्रवेश देणारा ओलङेशेर, हे तिन्ही सोहळे युनेस्कोने २०१८ मध्ये तातडीने जपण्याच्या वारशांच्या यादीत घेतले. मुलं शाळेत, कुरणांना कुंपणं, वर्षानुवर्षं मोरान होऊन हिंडायला वेळ कुणाला? सिंहाच्या शिकारीऐवजी २०१२ पासून ‘मासाई ऑलिंपिक’ भरतं. धावणं, उंच उडी, भालाफेक, लाकडी सोटा नेम धरून फेकणं. त्याच वर्षी लंडनमध्ये ८०० मीटरचा जागतिक विक्रम करणारा डेव्हिड रुदिशा मासाईच, आणि या खेळांना त्याचा पाठिंबा आहे.

महाराष्ट्रातून मासाई माराला जाणारे आता खूप आहेत. नैरोबीहून नारोकमार्गे जाताना रस्त्याकडेच्या दुकानांत भिंतभर ढाली टांगलेल्या दिसतात. त्या गाईच्या किंवा बकरीच्या कातड्याच्या असतात, पुष्कळदा केसांसकट, ऑइलपेंटने रंगवलेल्या, दोन्ही बाजू अगदी सारख्या आणि मधे कधी सिंहाचं तोंड तर कधी ‘केनिया’ अशी अक्षरं. भिंतीवर लावायला घ्यावीशी वाटली तर खुशाल घ्या, भाव मात्र करा. दुकानदार ‘शंभर वर्षं जुनी, अस्सल बफेलो’ म्हणाला तर ती खाली ठेवा: खोटं असेल तर पैसे गेले, खरं असेल तर विमानतळावर परवाना दाखवावा लागेल. हाताशी पैसे असतील तर त्यापेक्षा मासाई बायकांनी केलेलं मण्यांचं काम घ्यावं, शक्यतो त्यांच्याच हातून. ती कला आज जोरात चालू आहे, आणि कुठल्या शाखेत कुठले रंग शेजारी बसवायचे हे तिथे अजून ठरलेलं असतं. करणारीला विचारलं तर ती सांगते.